भोजाच्या पाण्याकाठी दोन रात्री

सुटी लागली की भोपाळच्या मराठी माणसाचे डोळे दक्षिणेकडे लागतात. कोणी नागपूरला जातो, कोणी अमरावतीस, कोणाचे आजोळ पुण्यास, तर कोणाचा कुलस्वामी कोल्हापूरकडे. मुले परत येतात ती शनिवारवाडा, सिंहगड, पन्हाळा पाहून, आणि शाळेत निबंधही त्यावरच लिहितात. यात गैर काहीच नाही. पूर्वजांची भूमी पाहावी, तिचा अभिमान बाळगावा. तथापि ज्या गावी आपली दोन-तीन पिढ्यांची हयात गेली, ज्याच्या तळ्याचे पाणी आपण प्यालो, त्या गावाची कुळकथा याच मुलांस विचारली की ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. बरखेड्याच्या आपल्या वसाहतीत हा अनुभव आम्हांस वारंवार आला, आणि त्यातूनच गेल्या हिवाळ्यातील शिबिराची कल्पना निघाली.

आपले बरखेडे तसे नव्या वसाहतीचे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. त्या सुमारास बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या भागांत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. क्वार्टरे मिळाली, गणपती बसू लागले, हळदीकुंकू होऊ लागले. ज्यांनी येथे पहिले बिऱ्हाड मांडले त्यांची नातवंडे आज महाविद्यालयात आहेत. इतक्या वर्षांच्या वास्तव्यानंतर ‘आम्ही मूळचे अमुक गावचे’ एवढेच सांगून भागावे काय? जेथे राहतो तेथलेही आपण काही लागतोच की!

आमच्या मंडळातील काही पालकांनी मिळून असे ठरवले की, सातवी ते दहावीची मुलेमुली घेऊन दोन रात्री केरवा तलावाच्या काठी, जंगलात राहावयाचे. सहल म्हटली म्हणजे बसमध्ये गाणी, डब्यातल्या पुऱ्या आणि संध्याकाळी परत, असा आपला रिवाज. तो आम्ही यावेळी मोडला. रात्र काढल्याखेरीज एखादी जागा आपली ओळख देत नाही, असे आमचे मत आहे. वन विभागाची रीतसर परवानगी काढली, तंबू भाड्याने आणले, सतरंज्या-रजया घरोघरच्या गोळा केल्या. चोवीस मुले, आम्ही सहा प्रौढ, आणि स्वयंपाकाचा भार हौसेने उचलणाऱ्या तिघी भगिनी, असा आमचा काफिला पौषातल्या एका शुक्रवारी दुपारी निघाला.

बरखेड्याहून केरवा फार लांब नाही. शहर ओलांडून भदभद्याच्या रस्त्याला लागले, नेहरूनगर मागे पडले, की घरे विरळ होतात आणि टेकड्या जवळ येतात. या टेकड्या विंध्याच्या वालुकाश्माच्या, तांबूस, थराथरांच्या. त्यांवर साग, पळस, तेंदू, खैर, बेल यांचे पानझडी रान आहे. पौषात सागाची पाने करड्या रंगाची होऊन खडखडू लागतात. पाऊलवाटेने कोणी चालले तर दूरवरून कळते. टेकडीच्या वळणावर एकदम पाणी दिसते, आणि मुलांचा गलका आपोआप थांबतो. केरव्याचा हा तलाव भोजराजाचा नव्हे. तो स्वातंत्र्योत्तर काळात धरण बांधून झालेला आहे. पण ज्या पाण्याची कथा आम्हांस सांगावयाची होती, त्या पाण्याच्याच कुळातला तो आहे. केरव्याचे पाणी अखेर बेतवा नदीस मिळते, बेतवा यमुनेस आणि यमुना गंगेस. म्हणजे भोपाळच्या टेकडीवर पडलेला पावसाचा थेंब बंगालच्या उपसागराकडे जातो. तेथून थोडे दक्षिणेस कोलार नदी आहे, तिचे पाणी मात्र नर्मदेतून पश्चिमेच्या समुद्रास मिळते. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द मुलांनी पाठ केलेला होता. तो शब्द म्हणजे समोरची ही टेकड्यांची रांग, हे त्यांनी प्रथमच पाहिले.

तंबू ठोकून होईपर्यंत दिवस मावळला. वन विभागाच्या चौकीदाराने सर्वांस एकत्र बोलावून नियम सांगितले. जाळ ठरल्या जागीच करावयाचा, प्लॅस्टिकचा एक कपटाही मागे ठेवावयाचा नाही, मोठ्याने गाणी लावावयाची नाहीत. शेवटी तो म्हणाला, “रात में टेंट से अकेले कोई मत निकलना साब, इधर बाघ पानी पीने आता है।” हे केवळ घाबरवणे नव्हते. केरवा आणि कलियासोत या भागांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाघांचा वावर वारंवार आढळलेला आहे. राज्याच्या राजधानीच्या वेशीवर वाघ असणे हे भाग्य म्हणावे की संकट, यावर मोठ्या मुलांत तेथेच वाद जुंपला. धाकट्यांनी मात्र आपले अंथरूण तंबूच्या मध्यभागी सरकवले.

पिठले-भाकरी आणि ठेच्याचे जेवण झाल्यावर शेकोटीभोवती आम्ही भोजराजाची कथा सांगितली. परमारवंशी भोजाचा काळ साधारण १०१० ते १०५५. त्याची राजधानी धार. ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येवरील ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्यास दुर्धर त्वचारोग जडला, आणि ३६५ झऱ्यांचे पाणी ज्यात मिळते अशा तळ्यात स्नान केल्यास तो बरा होईल असे एका साधूने सांगितले, अशी आख्यायिका आहे. राजाच्या माणसांनी बेतवेच्या खोऱ्यातले झरे मोजले, ते भरले ३५९. सहा कमी पडले. तेव्हा कालिया नावाच्या एका गोंड मुख्याने एक हरवलेली नदी दाखवून दिली. तिच्या झऱ्यांनी संख्या पुरी झाली, आणि त्याच्याच नावाने तिला ‘कलियासोत’ म्हणू लागले.

कथा म्हणून ही गोड आहेच, परंतु तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही मुलांस जमिनीवर काटकीने नकाशा काढावयास लावला. भोपाळच्या मोठ्या तलावास कोलांस नदीचे पाणी येते. ही कोलांस मूळची हलाली नदीस मिळणारी होती. आज जेथे कमला पार्क आहे तेथे मातीचा बांध घालून तिला अडवले गेले. बांध पडल्यावर पाणी साठले, तलाव झाला, आणि तलाव भरल्यावर उरलेले पाणी जुनी वाट सोडून भदभद्याच्या बाजूने कलियासोतात व तेथून बेतवेत जाऊ लागले. एका खोऱ्याचे पाणी असे दुसऱ्या मार्गाने नेले गेले. हे काम परंपरेने भोजाचेच मानले जाते. गोंडाने दाखवलेली ‘हरवलेली नदी’ ती हीच म्हणावी काय? लोककथा आकडे विसरते, नावे बदलते, पण कोणी कोणास वाट दाखवली हे सहसा विसरत नाही. राजाजवळ शिल्पशास्त्र होते, परंतु रानातले पाणी रानातल्या माणसास ठाऊक होते. शेकोटी विझत आली तरी ही गोष्ट मुलांच्या मनातून उतरली नाही. पहाटे एक मुलगा दात घासताना दुसऱ्यास विचारत होता, “पण त्याला सहाच झरे कमी आहेत हे कळलं कसं?” शिक्षकास याहून मोठे बक्षीस कोणते?

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या बाजूने फिरताना गाडी इतिहासाच्या पुढील स्थानकावर आली. रात्री ज्या बांधाचा नकाशा काढला, त्या कमला पार्कच्या बांधावर एक जुना महाल उभा आहे, तो राणी कमलापतीचा. गिन्नौरगडच्या गोंड राजाची ही विधवा. तिने अफगाण सरदार दोस्त मुहम्मद खान याचे साहाय्य घेतले, आणि तिच्या पश्चात येथील सत्ता त्याच्या हाती गेली. त्याने तलावाच्या काठी फतेहगड किल्ला बांधला आणि भोपाळ शहर वाढू लागले. आपल्या बरखेड्याजवळचे हबीबगंज स्थानक नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती या नावाने ओळखले जाते. मुले ते नाव रोज वाचतात, गाडीची वेळ पाहतात, आणि पुढे जातात. फलाटावरील त्या पाटीचा आणि तलावाच्या बांधाचा संबंध कळला तेव्हा काही जणांस खरोखर नवल वाटले. पुढे १७९४ साली छोटे खान या दिवाणाने बांधाच्या पलीकडे दुसरा बांध घालून छोटा तलाव केला. १८१९ पासून सुमारे शंभर वर्षे येथे बेगमांनी राज्य केले. हिंदू राजा, गोंड राणी, मुसलमान दिवाण आणि बेगमा, प्रत्येकाने या पाण्यात आपापली भर घातली आहे.

मग प्रश्न आला तो अपेक्षितच होता. “सर, आणि मराठे? आपण कधी आलो?” आम्ही म्हणालो, याच दिवसांत, अशाच थंडीत. डिसेंबर १७३७ मध्ये थोरले बाजीराव पेशवे निजाम-उल-मुल्काच्या मागावर माळव्यात उतरले. दिल्लीच्या बादशहाने निजामास मराठ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पाठवले होते. निजाम अनुभवी सेनानी. त्याने भोपाळच्या किल्ल्याजवळ अशी जागा धरली की एका अंगास तलाव आणि दुसऱ्या अंगास ओढा. कागदावर पाहता उत्तम जागा. परंतु बाजीरावांनी तिच्यावर चालून जाण्याऐवजी तिच्या वाटाच बंद केल्या. दाणागोटा थांबला, वैरण थांबली. दक्षिणेतून निजामाच्या पुत्राची कुमक येऊ नये म्हणून चिमाजी अप्पा तापीच्या बाजूस खडे होते. ज्या पाण्याने निजामाचे रक्षण करावयाचे त्याच पाण्याने त्याची कोंडी केली. अखेर १७३८ च्या आरंभी दोराह्याच्या मुक्कामी निजामाने तह लिहून दिला. माळवा, आणि नर्मदा ते चंबळ या प्रदेशाचा अधिकार बाजीरावांस मिळवून देण्याचे मान्य केले, आणि ५० लक्ष रुपयांसाठी प्रयत्न करण्याचे वचन दिले. इतिहासाच्या पुस्तकात ‘भोपाळची लढाई’ म्हणून जी येते ती ही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर आम्ही पुढची गोष्टही सांगितली, कारण अर्धा इतिहास सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच भोपाळास वेढा घातला. त्यावेळी न लढाईचे तत्त्व मोठे होते, न बाजीरावांची प्रतिभा होती. आत गावकरी उपाशी होते. वझीर मुहम्मद खानाने थोडक्या माणसांनिशी निकराने शहर राखले, स्त्रियाही तटावर उभ्या राहिल्या, आणि वेढा उठला. यावर कोणी टाळी वाजवली नाही. आठवीतल्या एका मुलीने मान खाली घालून विचारले, “सर, मग आपण कोणाच्या बाजूचे?”

या प्रश्नास आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. सर्वांस पाण्याजवळ बसवले आणि उलट विचारले: आज सकाळी तुम्ही तोंड धुतले ते कोणत्या बाजूच्या पाण्याने? बाजीरावांचा पराक्रम आपला आहे, तो आपण का सोडावा? पण तटावर उभ्या राहिलेल्या त्या बायाही आता परक्या नाहीत, कारण त्यांच्या गावात आपली घरे आहेत. ज्या गावी मनुष्य आपली मुले वाढवतो आणि आपल्या वडीलधाऱ्यांस अग्नी देतो, त्या गावचे सुखदुःख त्याने आपल्या खात्यावर लिहून घ्यावे. मुलीचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. परंतु तिने तो प्रश्न घरी जाऊन आजोबांसही विचारला, असे पुढे तिच्या आईकडून कळले.

दुपारी बसने सर्वांस भोजपूरला नेले. तेथे पोचल्यावर मुलांनी विचारले, तलाव कोठे? आम्ही म्हणालो, ज्यात उभे आहात तो. भोजपूरच्या टेकड्यांमधील खिंडी बांधांनी बुजवून येथे एक प्रचंड जलाशय केला होता. मध्ये मातीचा भराव आणि दोन्ही अंगांस चुन्याविना बसवलेल्या अवाढव्य शिळा, अशी त्या बांधांची रचना. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये या अवशेषांविषयी लिहिले. जलाशयाचा विस्तार सुमारे अडीचशे चौरस मैल असावा असा तेव्हाचा अंदाज होता. आजचा मोठा तलाव त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकाही नाही. आपल्या कारखान्यातील अनेकांचा रोजचा संबंध असलेल्या मंडीदीपचे नाव ‘द्वीप’ या शब्दाशी जोडले जाते, ते याच जलाशयातले बेट होते म्हणून.

पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने हा बांध फोडला. सैन्यास बांध तोडावयास तीन महिने लागले, पाणी ओसरावयास तीन वर्षे, आणि तळ राहण्याजोगा व्हावयास तीस वर्षे, असे लोक सांगतात. आकडे कथेचे असतील. पण हाताने फोडलेला तो बांध मात्र डोळ्यांपुढे आहे. वर टेकडीवर भोजाचे अपुरे शिवमंदिर आहे, आत सुमारे साडेसात फुटांचे लिंग, भोवती चाळीसेक फूट उंच चार खांब. मंदिरामागे दगड वर चढवण्यासाठी केलेला मातीचा उतार अद्याप आहे, आणि आसपासच्या कातळांवर शिल्पकारांनी कोरलेले मंदिराचे आराखडे दिसतात. मुलांनी गुडघे टेकून त्या रेषांवरून बोटे फिरवली. खालच्या सपाटीवर गहू हिरवा होता. नावेने जावयाच्या जागी ट्रॅक्टर चालत होता. शेतकऱ्यांचे त्यात भलेच झाले, हे आम्ही मुद्दाम सांगितले. पण माणसाने केलेले पाणी माणसाच्याच हाताने जाते, ही गोष्ट पुस्तकाने जितकी पटत नाही तितकी त्या गव्हाच्या शेतात उभे राहून पटते.

दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी हाच विषय निघाला. बांध फोडावयास होशंगशहाच लागतो असे नाही. आपल्या मोठ्या तलावाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३६० चौरस किलोमीटर आहे. तेथील माती वाहून आली, नाल्यांचे सांडपाणी मिसळले, काठच्या टेकड्यांवर घरे चढली, तर तलाव गाजावाजा न होता उथळ होत जातो. या धोक्याची जाणीव होऊन १९९५ पासून जपानच्या अर्थसाहाय्याने तलाव-संवर्धनाचे मोठे काम येथे झाले, आणि ऑगस्ट २००२ मध्ये ‘भोज पाणथळ’ या नावाने दोन्ही तलावांस रामसर यादीत स्थान मिळाले. त्याच तलावाच्या काठचे वनविहार मुलांच्या परिचयाचे आहे. एके काळी त्या टेकडीवर दगडाच्या बेकायदा खाणी चालत. १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर होऊन त्या जमिनीस विश्रांती मिळाली, आणि आज तेथे रान उभे आहे. म्हणजे बिघडलेले सुधारतेही. मात्र त्यास एक पिढी लागते.

एका मराठी माणसाचे नाव घेतल्यावाचून ही हकिकत पुरी होणार नाही. विष्णू श्रीधर वाकणकर, जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ साली आगगाडीतून जाताना त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले. ते उतरले, चालत गेले, आणि आदिमानवाच्या चित्रांचे भांडार जगापुढे आले. २००३ मध्ये ते स्थळ जागतिक वारसा ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये त्या परिसरातील रातापानीचे जंगल व्याघ्रप्रकल्प झाले व त्यास वाकणकरांचेच नाव देण्यात आले. त्या गाडीतून हजारो लोक रोज जात होते. खिडकीतून बाहेर पाहणारा मात्र एक निघाला. आपल्या मुलांत असे पाहणारे व्हावेत, एवढीच आमची इच्छा आहे.

असो. ज्या वाचकांस असे शिबिर योजावयाचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. वैशाखात रान कोरडे व पेटण्याजोगे असते, आणि पावसाळ्यात पाण्याच्या कडा धोक्याच्या. वन विभागाची परवानगी आधी घ्यावी, चौकीदाराचा शब्द प्रमाण मानावा, लहान मुलांस पाण्यात उतरू देऊ नये. वनविहारात रात्रीचा मुक्काम होत नाही, ते दिवसा पाहावे. रजया दोन घ्याव्यात. आणि गोष्टी सांगणारे एखादे वडीलधारे माणूस अवश्य सोबत न्यावे.

येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. यावेळी प्रत्येक मुलाने घरच्या ज्येष्ठांस ‘तुम्ही भोपाळला प्रथम आलात तेव्हा तलाव कसा होता, पाणी कोठवर येत असे’ हे विचारून ते वहीत लिहून आणावे, असे ठरले आहे. पिपलानी, गोविंदपुरा आणि जुन्या शहरातील वाचकांनीही अशा आठवणी या मासिकाकडे धाडाव्यात. भोजाचा बांध कोणी घातला हे शास्त्रज्ञ सांगतील. आपल्या आजोबांनी त्या बांधावर उभे राहून काय पाहिले, हे मात्र आपणच लिहून ठेवले पाहिजे.